दोन खात्यांच्या गोळ्या, पोट मात्र एकच

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



हे पत्र आपणा दोघांच्या नावे एकत्र लिहिते आहे. वेगवेगळे लिहिले असते तर एका कार्यालयाने ते दुसऱ्याकडे ‘उचित कार्यवाहीस्तव’ पाठवले असते आणि दुसऱ्याने पहिल्याकडे परत. रक्तदाबाची गोळी सरकारी दवाखान्यातून मिळते, तो कारभार आरोग्य विभागाचा. पित्ताची गोळी मेडिकलमधून येते, त्या दुकानाचा परवाना औषध प्रशासनाचा. दोन्ही गोळ्या रोज सकाळी एकाच माणसाच्या पोटात जातात. त्या दोन्ही एकत्र समोर ठेवून बघण्याचे काम नेमके कोणाचे आहे, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

आधी एक खुलासा करते, कारण हे पत्र बीपीची गोळी घेणारे अनेकजण वाचतील. ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन घेणाऱ्याने पॅन्टोप्राझोल घेतले तर सहसा काही बिघडत नाही. वाचून घाबरून कोणीही बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्यातून पक्षाघाताचा झटका आला तर पश्चात्तापालाही वेळ मिळत नाही. गोळ्यांविरुद्ध माझी तक्रार नाही. पण काही जोड्या अशा आहेत, काही वये आणि काही आजार असे आहेत, की तिथे जपून राहावे लागते. ते कुठे, हे वैद्यकाच्या पुस्तकांत छापलेले आहे आणि आपल्या अधिकाऱ्यांना पाठ आहे. ज्याच्या तळहातावर गोळी पडते त्यालाच तेवढे कोणी सांगत नाही.

माझे वडील, आबा, एसटीत चालक होते. निवृत्तीनंतर बीपी निघाले. सरकारी रुग्णालयातून ॲम्लोडिपिन सुरू झाले, मग टेल्मिसार्टन, आणि पुढे क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीवाटे मीठपाणी बाहेर काढणारी गोळी. जन्मभर स्टिअरिंगमागे बसून पाठ गेलेली, म्हणून एका खासगी हाडांच्या डॉक्टरांकडे जाणे होते. त्यांनी दुखण्याची गोळी दिली आणि ती पोटाला बाधू नये म्हणून उपाशीपोटी घ्यायची एक कॅप्सूल दिली, पॅन्टोप्राझोल आणि डॉम्पेरिडोन एकत्र असलेली. सरकारी ओपीडीत आबांनी छातीत जळजळ होते असे सांगितले, तर तिथूनही पित्ताची गोळी मिळाली. चिठ्ठीची मुदत संपली, गोळ्या मात्र चालूच राहिल्या. रिकामी पट्टी खिशात घालून मेडिकलवर जायचे, ‘हीच द्या’ म्हणायचे आणि कात्रीने कापलेल्या पाच-सहा गोळ्या खाकी पाकिटातून घेऊन यायचे. अशी वर्षे गेली. कधी कोणी विचारले नाही की बाबा, ही कशासाठी घेता आणि हिच्याबरोबर आणखी काय घेता?

एका उन्हाळ्यात आबांच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येऊ लागले. चालताना तोल जायचा. वय झाले, ऊन फार आहे, असे सगळे म्हणाले. एका संध्याकाळी ते घरच्यांना ओळखेनात, बरळू लागले. जिल्ह्याच्या गावी नेले तेव्हा रक्तातले सोडियम ११८ निघाले; ते १३५ च्या वर असायला हवे. मॅग्नेशियमही उतरले होते. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी आम्हाला घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली आणि ती पिशवी टेबलावर रिकामी करून एकेक पट्टी वेगळी मांडली. गुलाबी पट्टीतली गोळी आणि रुपेरी पट्टीतली कॅप्सूल, दोन्हींत तेच पॅन्टोप्राझोल होते. नावे वेगळी म्हणून आबा सकाळी एक आणि रात्री एक घेत होते. काही तुकड्यांवरचे नाव आणि मुदत कात्रीबरोबर गेली होती. बाईंनी त्या गोळ्या उजेडात धरून, उलटसुलट करून पाहिल्या आणि शेवटी ओळख पटत नाही म्हणून बाजूला सारल्या.

आबा सावरले. पण त्या टेबलावर जे काही मिनिटांत दिसले, ते त्याआधी एकाही ओपीडीत, एकाही काउंटरवर का दिसले नाही?

काय झाले ते डॉक्टरबाईंनी आम्हाला सोप्या शब्दांत सांगितले. क्लोरथॅलिडोनसारखी गोळी शरीरातले सोडियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम लघवीवाटे घालवते. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या जातीची औषधे दीर्घकाळ घेतली तर काहींच्या शरीरात अन्नातले मॅग्नेशियम नीट शोषले जात नाही. म्हणजे जावक वाढते आणि आवक घटते. क्वचित सोडियमही या औषधांनी उतरते. उतारवयात, उन्हाळ्यात, जेवण कमी झालेले असताना हे सगळे एकदम अंगावर येते. यात गुपित काहीच नाही. अमेरिकेच्या औषध नियामकांनी मार्च २०११ मध्ये जाहीर इशारा दिला होता की ही औषधे दीर्घकाळ, बहुतेकदा वर्षाहून अधिक, घेणाऱ्यांत मॅग्नेशियम घटू शकते आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर रक्त तपासत राहावे. नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी सुमारे पाव जणांत मॅग्नेशियम देऊनही भागले नाही, पित्ताची गोळीच थांबवावी लागली. हा इशारा आपल्या ओपीडीपर्यंत अजून का पोहोचला नाही?

दुखण्याच्या गोळीचा वाटा वेगळाच. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे बीपी वाढवतात आणि पोटही बिघडवतात. वाढलेले बीपी पाहून एक डॉक्टर बीपीची गोळी वाढवतो; बिघडलेले पोट पाहून दुसरा पित्ताची गोळी लिहितो. मूळ गोळी तशीच राहते. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि दुखण्याची गोळी ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडावर घाला पडू शकतो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यालाही शिकवतात. ॲम्लोडिपिनच्या जातीच्या औषधांनी अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप सैलावून काहींना जळजळ होते. तेव्हा जळजळ सांगणाऱ्या बीपीच्या रुग्णाला पहिला प्रश्न हा विचारायला हवा की ती कधीपासून आहे, कोणती गोळी सुरू झाल्यापासून आहे. हा प्रश्न विचारायला वेळ लागतो. आपल्या ओपीडीत एका डॉक्टरपुढे किती माणसे रांगेत असतात ते आपण दौऱ्यावर असताना पाहिलेले आहे. मग तो वेळ डॉक्टरांना कोण देणार?

डॉम्पेरिडोनबद्दल मला थोडे अधिक विचारायचे आहे. पित्ताच्या गोळीत ते घालून विकण्याची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की ते वेगळे औषध आहे हेच लोकांना माहीत नाही. २०१४ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या औषधाचा फेरविचार केला. त्याने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो, म्हणून ते फक्त मळमळ-उलटीसाठी, कमीत कमी मात्रेत आणि सहसा आठवड्याहून अधिक नाही, असे बंधन घातले. पोट फुगणे आणि छातीतली जळजळ यांसाठी ते वापरूच नये असे ठरवले. पोटॅशियम-मॅग्नेशियम उतरलेल्यांना देऊ नये, हेही सांगितले. डिल्टियाझेम ही बीपी आणि हृदयविकाराची गोळी चालू असेल तर देऊ नये, कारण डिल्टियाझेममुळे डॉम्पेरिडोन रक्तात साठत जाते. आपल्याकडे मात्र तेच डॉम्पेरिडोन, ३० मिलिग्रॅम, पॅन्टोप्राझोलच्या जोडीने, नेमके जळजळीसाठी, महिनोन्‌महिने, लघवीची गोळी घेणाऱ्या सत्तरीच्या माणसाला दिले जाते. कोणत्या औषधाला देशात परवानगी द्यायची हे दिल्लीत ठरते, हे मला ठाऊक आहे. पण राज्यातल्या सरकारी डॉक्टरांना ‘बीपीच्या रुग्णाला ही जोडगोळी सरसकट लिहू नका’ असे एक परिपत्रक काढायला आरोग्य विभागाला दिल्लीची वाट पाहावी लागते का?

आयुक्त महोदय, २०१९ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी राज्यांच्या औषध नियंत्रकांना कळवले होते की पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल आणि त्या जातीच्या औषधांच्या माहितीपत्रकात ‘मूत्रपिंडाला अचानक इजा’ हा दुष्परिणाम छापून घ्यावा. मूत्रपिंड आधीच नाजूक असण्याचा संभव सर्वांत जास्त कोणाचा, तर वर्षानुवर्षे बीपी असलेल्यांचा. म्हणजे तो इशारा याच माणसांसाठी होता. माझा प्रश्न साधा आहे. ते माहितीपत्रक रुग्णाच्या हातात पडते कुठे? ते असलेच तर खोक्यात असते, खोके दुकानदाराच्या फळीवर असते आणि रुग्णाला मिळतो कापलेल्या पट्टीचा तुकडा. तो इशारा मोठ्या अक्षरांत लिहून आपल्या राज्यातल्या एका तरी मेडिकलमध्ये लावायला लावला गेला का?

पट्टी कापण्याबद्दल मी गरिबांच्या विरोधात बोलत नाही. ज्याच्या खिशात आज चार गोळ्यांचेच पैसे आहेत त्याला चारच मिळाल्या पाहिजेत. पण औषधाचे नाव, मात्रा आणि मुदत या तीन गोष्टी पाकिटावर हाताने लिहून द्यायला किती वेळ लागतो? आज पाकिटावर काय असते, तर दुकानाचे नाव, फोन नंबर आणि पेनाने मारलेल्या दोन रेघा. त्या रेघांवरून सकाळ-संध्याकाळ ओळखायची.

कायदा नाही असे आपण म्हणू शकत नाही. पित्ताच्या या गोळ्या आणि बीपीच्या गोळ्या अनुसूची ‘एच’ मध्ये आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत, आणि डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एका चिठ्ठीवर दुसऱ्यांदा देता येत नाहीत. औषध दिले की चिठ्ठीवर दुकानाचे नाव-पत्ता आणि तारीख लिहायची, असाही नियम आहे. फार्मसी कायदा १९४८ चा. नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी औषध देऊ नये असे तो सांगतो. आणि जानेवारी २०१५ मध्ये अधिसूचित झालेल्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांत तर असे आहे की फार्मासिस्टने स्वतः पुढाकार घेऊन रुग्णाशी बोलावे: औषध कशासाठी आहे, कसे आणि किती दिवस घ्यायचे, त्याचे गंभीर दुष्परिणाम कोणते, दुसऱ्या कोणत्या औषधाशी ते जमत नाही, एखादी वेळ चुकली तर काय करायचे. माझ्या वडिलांना हव्या असलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या एका कलमात आहे. हे वचन कायद्याने दिलेले आहे. ते वाचून मला जेवढा राग आला तेवढा आजारपणातही आला नव्हता.

किती मेडिकलच्या परवान्यावर नाव एकाचे असते आणि काउंटरवर दुसरेच कोणी असते, हे आपल्या निरीक्षकांना मी सांगायची गरज नाही. हे मोडून काढता येत नाही असेही नाही. महेश झगडे आयुक्त असताना याच प्रशासनाने फार्मासिस्टची हजेरी आणि चिठ्ठीवरची विक्री यांचा आग्रह धरला होता, परवाने निलंबित केले होते, आणि त्याविरुद्ध विक्रेत्यांनी आंदोलनही केले होते. म्हणजे कायदा तेव्हा टोचत होता. आता तो कोणाला टोचत नाही, ते का? औषध निरीक्षकांची किती पदे रिकामी आहेत आणि ती कधी भरणार, हे आपण जाहीर कराल का?

भाषेचेही विचारायचे आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून शासनाने २०२२ मध्ये कायदा बदलला. मला त्याचा आनंद आहे. त्या मराठी पाटीखालून आत गेल्यावर मिळणाऱ्या पट्टीवर मात्र आबांना वाचता येईल असे एक अक्षर नसते. १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्यात औषधाचे नाव, कंपनी, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, परवाना क्रमांक हे सारे असते. बनावट औषध ओळखायला ते हवेच. पण ‘उपाशीपोटी, जेवणाआधी अर्धा तास’, ‘डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन महिन्यांहून अधिक घेऊ नका’, ‘लघवीची गोळी चालू असेल तर सांगा’ एवढी तीन वाक्ये मराठीत कुठेतरी छापण्यासाठी कोणते तंत्रज्ञान लागते?

नावांचा घोळही जुनाच आहे. औषधांची मूळ नावे, वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने तेच अधिक कडकपणे सांगणारे विनियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. आबांच्या दोन्ही चिठ्ठ्यांवर ‘पॅन्टोप्राझोल’ असे मूळ नाव असते तर माझ्या दहावी झालेल्या भाच्यालाही कळले असते की औषध एकच आहे. खासगी डॉक्टरांवर आपला अधिकार किती चालतो ते आपण जाणता. पण सरकारी केसपेपरवरही मूळ नाव वाचता येत नसेल, तर ते कोणाच्या अधिकाराबाहेर आहे?

मंत्री महोदय, बीपीचा कार्यक्रम चांगला आहे हे मी मनापासून म्हणते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम ज्या पाच राज्यांत आधी सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता, आणि २०२२ मध्ये त्या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्राने जाहीर केले की २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणायचे. आशाताई दारोदार जाऊन बीपी-शुगरसाठी माणसे शोधतात, उपकेंद्रावर गोळी मिळते. आबांना ॲम्लोडिपिन एक महिनाही कमी पडले नाही, हे त्या कार्यक्रमाचे श्रेय आहे आणि मी ते देते.

पण माणूस प्रमाणित उपचारांखाली आला, म्हणजे त्याच्या घरातल्या बाकीच्या गोळ्यांचे काय झाले? आमच्या घरातल्या उपचारकार्डावर बीपीचे आकडे आहेत, तारखा आहेत, सरकारी गोळीची मात्रा आहे. ‘बाहेरची औषधे’ असा रकाना त्यावर नाही. म्हणून कोणी विचारत नाही, आणि विचारले नाही म्हणून आबांसारखा माणूस सांगत नाही, कारण त्याच्या लेखी पित्ताची गोळी हे औषधच नसते. कार्यक्रमाच्या तक्त्यात आबा ‘नियंत्रणात’ होते. ज्या आठवड्यात ते बरळू लागले त्या आठवड्यातही त्यांचे बीपी उत्तम होते. अशा माणसाची नोंद आपल्या तक्त्यात कुठल्या रकान्यात होते?

लघवीची गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत आणि मग वर्षातून निदान एकदा सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासायचे असते. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रावर सुरू केलेल्या रुग्णाची कुठे होते, कोण लिहून देते, रक्त कुठे जाते आणि रिपोर्ट कोणाच्या हाती परत येतो? गोळी गावात मिळते आणि तपासणी जिल्ह्याला, तर ती होत नाही, हे समजायला अहवालाची गरज नाही.

रॅनिटिडिनचेही विचारून ठेवते. २०१९ मध्ये त्यात एनडीएमए ही कर्करोगकारक ठरू शकणारी अशुद्धी सापडल्याची बातमी आली. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावले. २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते गेले. कितीतरी घरांत त्याची पट्टी आजही फडताळात आहे. त्या घरांना हे कोणी कळवले?

गोळीच्या पलीकडे सोडा आहे. किराणा दुकानात, पानटपरीवर मिळणारी फेसाळणारी पुडी बीपीचा माणूसही पाण्यात टाकून पितो, ढेकर आला की बरे वाटते. एका ग्रॅम खायच्या सोड्यात पाव ग्रॅमाहून जास्त सोडियम असते, आणि मोठ्या माणसाने दिवसभरात सगळे मिळून दोन ग्रॅमाच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपकेंद्रावर त्याला लोणचे-पापड सोडायला सांगतात, पण पुडीबद्दल कोणी बोलत नाही. तसेच पित्ताचे पातळ औषध: ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असलेले ते औषध आणि ॲटेनोलॉलसारखी बीपीची गोळी एकाच वेळी घेतली तर गोळी कमी लागू पडते; मध्ये दोन तास सोडायचे असतात. एवढे वाक्य आशाताईंच्या प्रशिक्षणात घालायला काय हरकत आहे?

आणि सगळ्यांत भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. बीपीच्या माणसाच्या छातीत जळजळते तेव्हा ते दर वेळी पित्तच असते असे नाही. ‘गॅस झालाय’ म्हणून गोळी घेऊन पडून राहिलेली आणि पुन्हा न उठलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. आपल्याही ओळखीत असतील. ज्या मेडिकलवर चिठ्ठीशिवाय पित्ताची गोळी हातावर ठेवली जाते, तिथे ‘घाम येतोय का, डावा हात किंवा जबडा दुखतोय का, चालताना जास्त होते का’ हे कोणी विचारत नाही. तिथे नोंदणीकृत फार्मासिस्ट बसवायचा तो यासाठी. त्याची अनुपस्थिती म्हणजे किरकोळ कागदी त्रुटी, असे ज्यांना वाटते त्यांनी अशा एखाद्या घरी जाऊन बसावे.

औषधाचा दुष्परिणाम नोंदवायची सोय आहे, हे मला आबा बरे झाल्यावर कळले. भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क क्रमांक आहे. रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे. तो अर्ज मी आजवर एकाही दवाखान्याच्या भिंतीवर किंवा मेडिकलच्या काउंटरवर पाहिलेला नाही. नोंदच झाली नाही तर आपल्यापुढे आकडा येत नाही, आणि आकडा नाही म्हणून प्रश्न नाही असे मानले जाते. आबांचा अर्ज मी भरला आहे. राज्यात किती अर्ज भरले गेले आणि त्यांतले किती रुग्णांनी स्वतः भरले, हे आपण सांगू शकाल का?

मी मागते ते अवघड नाही. सरकारी रुग्णालयात येणाऱ्या साठीपुढच्या प्रत्येक बीपीच्या रुग्णाला वर्षातून एकदा घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगा आणि ती बघायला फार्मासिस्ट बसवा. ती पदे आपल्याकडे मंजूर आहेत. उपचारकार्डावर ‘बाहेरची औषधे’ हा रकाना छापा. पित्ताची गोळी लिहिताना ती कधी थांबवायची ती तारीखही लिहिणे बंधनकारक करा. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकदम सोडली तर जळजळ उसळते, म्हणून ती हळूहळू कशी कमी करायची तेही डॉक्टरांनीच सांगायला हवे. कापून दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर नाव, मात्रा आणि मुदत मराठीत लिहून घ्या. आणि २०१५ चे विनियम राज्यात किती दुकानांत पाळले जातात ते तपासून निकाल लोकांपुढे ठेवा.

या पत्राचे उत्तर देताना ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असे लिहू नये, ही विनंती. यांतले कोणते काम कोणत्या विभागाचे, ते करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद कोणते आणि ते कोणत्या तारखेपर्यंत होणार, एवढेच लिहावे. जे करणार नाही आहात, त्यापुढे ‘करणार नाही’ असे लिहून कारण द्यावे. उत्तर आपण दोघांनी एकत्र, एकाच कागदावर, दोघांच्या सहीने द्यावे.

कळावे,
एक नागरिक